‘पी’ म्हणजे आपलं ‘चा-ची-चे’ नव्हे, आणि ते रोमन एलसारखं चिन्ह नक्की लिहायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा होता: तोकी पोना शिकतोय, ‘पी’ म्हणजे षष्ठीचा प्रत्यय असं धरून चाललो तर अर्धी वाक्यं बरोबर येतात आणि अर्ध्यांवर लोक लाल खुणा करतात, असं का? शिवाय सितेलेन पोनामधे ‘पी’चं चिन्ह कुठे छोटंसं एल दिसतं तर कुठे त्याची खालची रेघ पुढच्या शब्दांखालून लांबच लांब गेलेली दिसते, मग खरं कुठलं? आणि शेवटी, पुण्यातल्या ग्रुपसाठी टी-शर्टवर ‘आम्ही पुणेकर’ असं लिहायचंय, ‘मी मुते यान पी पुने’ चालेल का?

नाही चालणार, पण टी-शर्टकडे शेवटी येतो कारण त्यातल्या चुका समजायला आधी ‘पी’ समजायला हवा.

ज्यांना ही भाषाच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तोकी पोना ही टोरांटोच्या सोन्या लँग या बाईंनी २००१ मधे मांडलेली कृत्रिम भाषा, एस्पेरांतोसारखीच बनवलेली पण उद्देश एकदम उलटा, म्हणजे जगभर चालावी म्हणून नाही तर कमीत कमी शब्दांत किती विचार करता येतो ते बघायला. अक्षरं फक्त १४. शब्द २०१४ च्या अधिकृत पुस्तकात १२० च्या आसपास, २०२१ च्या शब्दकोशात लोकांच्या वापराचा सर्व्हे करून नेहमीचे म्हणून १३७ धरले. जानेवारी २०२२ मधे तिला ‘टॉक’ हा तीन अक्षरी आयएसओ कोडही (भाषा ओळखायचा आंतरराष्ट्रीय संकेत) मिळाला. सितेलेन पोना म्हणजे तिची चित्रलिपी, एका शब्दाला एक चिन्ह, ती २०१४ च्या त्याच पुस्तकात आली. मी इथे सगळे शब्द देवनागरीत लिहितोय, आणि रोमनमधलं जे अक्षर आपण ‘ज’ वाचतो ते तोकी पोनात ‘य’ असतं म्हणून माणूस हा ‘जान’ नाही तर ‘यान’. नवीन मराठी माणूस हमखास ‘जान’ म्हणतो, आणि कँटोनीजमधून आलेल्या त्या बिचाऱ्या शब्दाचं हिंदी सिनेमातलं प्रेमप्रकरण होतं.

तर आता मुद्दा. तोकी पोनात मुख्य शब्द आधी आणि विशेषणं नंतर, आपल्या बरोब्बर उलट. ‘तोमो’ घर, ‘तोमो सुली’ मोठं घर. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पुढचा नियम असा की तिसरा शब्द आला तर तो दुसऱ्याला चिकटत नाही, पहिले दोन मिळून जे काय झालंय त्या सगळ्याला चिकटतो. ‘तेलो’ म्हणजे पाणी किंवा कुठलाही पातळ पदार्थ, ‘तोमो तेलो’ म्हणजे पाण्याची खोली, न्हाणीघर. ‘नासा’ म्हणजे वेडं, विचित्र. म्हणून ‘तोमो तेलो नासा’ म्हणजे विचित्र न्हाणीघर, मग ते कसं विचित्र आहे हे तुम्ही तुमचं ठरवा. आता ‘तेलो नासा’ एवढंच म्हटलं तर वेडं पाणी, म्हणजे दारू. दारूचं घर, गुत्ता, म्हणायचं असेल तर ‘तेलो’ आणि ‘नासा’ आधी एकमेकांना बांधायला लागतात आणि मग ते गाठोडं ‘तोमो’ला लावायचं, आणि हे बांधायचं काम ‘पी’ करतो: ‘तोमो पी तेलो नासा’. हे उदाहरण प्रत्येक शिकवणारा देतो, मीपण देतो, कारण याच्याइतकं स्वच्छ दुसरं नाही.

म्हणजे ‘पी’ हा गणितातला कंस आहे. ‘इथून पुढचं आधी सोडवा’ एवढंच तो सांगतो, मालकी वगैरे त्याच्या गावीही नाही. मालकी नुसतं शेजारी ठेवूनच दाखवता येते, ‘तोमो मी’ म्हणजे माझं घर. (हो, ‘मी’ म्हणजे मीच, एस्पेरांतोतून आलाय, आपल्याशी काही नातं नाही, पण शिकवताना बरं पडतं.)

गोंधळ का होतो तेही कळण्यासारखं आहे. अधिकृत पुस्तकात ‘पी’चा अर्थ इंग्रजीतल्या ‘ऑफ’ या एका शब्दात दिलाय, आपण शाळेपासून ‘ऑफ म्हणजे चा-ची-चे’ असं घोकलेलं, त्यामुळे डोक्यात ‘घराचा’, ‘माझा’, ‘पुण्याचा’ आलं की हात आपोआप ‘पी’ टाकतो. ‘तोमो पी मी’. ही मराठी, हिंदी, इंग्रजी सगळ्यांची पहिली चूक आणि लाल खुणा बहुतेक यावरच असतात. कंसात एकच आकडा ठेवला तर कंसाला अर्थ राहात नाही ना, तसंच ‘पी’च्या पुढे एकच शब्द असेल तर बांधायला काही नाही, काढून टाका. ‘पी’नंतर किमान दोन शब्द.

पण ‘दोन शब्द हवेत’ हा नियम पाठ केला की लोक दुसऱ्या टोकाला जातात, दोन शब्द दिसले की मधे ‘पी’ घुसवतात. चहा घ्या. ‘कासी’ म्हणजे झाड-पाला, ‘सेली’ म्हणजे गरम. चहा सरळ ‘तेलो कासी सेली’: पाल्याचं पाणी, आणि ते गरम. इथे कोणीतरी ‘तेलो पी कासी सेली’ लिहितो आणि मग ते गरम पाल्याचं पाणी होतं, म्हणजे गरम काय तर पाला. अर्थ लागतो, चूक म्हणता येणार नाही, पण तुम्हाला ते म्हणायचं नव्हतं. गरम चहा असतो, पत्ती नाही.

याच्यासाठी मी मराठी लोकांना एक चाचणी देतो, इंग्रजी पुस्तकांत ती सापडायची नाही कारण इंग्रजीत ती चालतच नाही. आपल्या भाषेत एक गोष्ट आहे जी आपण रोज वापरतो आणि कधी लक्ष देत नाही. ‘जुनं पुस्तकांचं दुकान’ आणि ‘जुन्या पुस्तकांचं दुकान’. पहिल्यात दुकान जुनं, दुसऱ्यात पुस्तकं जुनी. फरक कुणी केला? ‘चं’ने नाही, ‘चं’ तर दोन्हीकडे आहे. फरक केला ‘जुनं’ आणि ‘जुन्या’ने. पुस्तकांना ‘चं’ लागलं म्हणून त्यांचं सामान्यरूप झालं, आणि त्यांच्या विशेषणालाही ते रूप घ्यावं लागलं, ‘जुन्या’ झालं, आणि त्या ‘या’मुळे ऐकणाऱ्याला कळलं की हा शब्द पुस्तकांचा माणूस आहे, दुकानाचा नाही. तोकी पोनात शब्दांची रूपं बदलतच नाहीत, लिंग नाही वचन नाही विभक्ती नाही, त्यामुळे ही माहिती द्यायला वेगळा शब्द लागतो, तोच ‘पी’. म्हणून मी सांगतो की ‘पी’ म्हणजे ‘चा’ नाही, ‘पी’ म्हणजे ‘जुन्या’तला ‘या’. दुकान ‘एसुन’, पुस्तक ‘लिपू’, मोठं ‘सुली’ घेतलं तर ‘एसुन लिपू सुली’ म्हणजे मोठं पुस्तकांचं दुकान आणि ‘एसुन पी लिपू सुली’ म्हणजे मोठ्या पुस्तकांचं दुकान. ‘मोठं’ आलं तर ‘पी’ नको, ‘मोठ्या’ आलं तर हवा. संपलं.

आता तुम्ही म्हणाल की ‘मित्राचं घर’ यात कुठे ‘या’ आहे, तरी त्याला ‘पी’ लागतो. बरोबर, पण तोकी पोनात मित्र हा एक शब्दच नाही, ‘यान पोना’ म्हणजे चांगला माणूस असं म्हणावं लागतं. मग आधी मराठीतही तसंच फोडून म्हणा: चांगल्या माणसाचं घर. आलं ना ‘चांगल्या’! ‘तोमो पी यान पोना’. दारूचं घर? वेड्या पाण्याचं घर, ‘वेड्या’ आलं, ‘पी’ आला. माझ्या मित्राचं घर? ‘माझ्या’, म्हणून ‘तोमो पी यान पोना मी’. आणि माझं घर? ‘माझं’, ‘माझ्या’ नाही, ‘पी’ नाही. चहालाही लावून बघा, ‘गरम’ बदलत नाही म्हणून त्याच्या जागी ‘चांगला’ ठेवा. ‘चांगलं पाल्याचं पाणी’ म्हणायचंय का ‘चांगल्या पाल्याचं पाणी’? चहा कोणता ते लगेच कळतं.

हा ‘गरम’वाला प्रकार लक्षात ठेवायला हवा, कारण मराठीतही कितीतरी विशेषणं रूप बदलत नाहीत आणि तिथे आपली स्वतःची भाषाच फसते. ‘सुंदर फुलांची साडी’ यात सुंदर काय, फुलं का साडी? ‘लाल फुलांची साडी’ म्हटलं की दुकानदारही विचारतो, फुलं लाल का साडी लाल? मराठीत इथे उत्तर नाही, तोकी पोनात आहे. कापड ‘लेन’, लाल ‘लोये’. ‘लेन कासी लोये’ म्हणजे फुलापानांचं कापड आणि ते लाल, ‘लेन पी कासी लोये’ म्हणजे लाल फुलापानांचं कापड, मग कापड पिवळं का असेना. एकशे वीस शब्दांची भाषा, पण या एका बाबतीत आपल्यापेक्षा नेमकी. आकड्यांचंही तेच, ‘चार पायांचा प्राणी’ यात ‘चार’ बदलत नाही म्हणून तिथे ‘मोठा’ टाका, ‘मोठ्या पायांचा प्राणी’, झालं, ‘सोवेली पी नोका तू तू’. ‘पी’ नसेल तर चार पाय नाही, चार प्राणी होतात.

काही जोड्या पाठ करून ठेवण्यासारख्या आहेत कारण रोजच्या बोलण्यात त्या लागतात आणि चुकल्या की अर्थ भलतीकडे जातो. ‘तोकी’ म्हणजे बोलणं, म्हणून ‘यान तोकी पोना’ म्हणजे चांगला बोलणारा माणूस, वक्ता म्हणा. ‘यान पी तोकी पोना’ म्हणजे तोकी पोना बोलणारा माणूस, आणि हा वाईट बोलत असला तरी चालतो. ‘यान सोना मुते’ म्हणजे पुष्कळ जाणकार माणसं, ‘यान पी सोना मुते’ म्हणजे पुष्कळ जाणणारा एक माणूस. (‘मुते’ म्हणजे पुष्कळ. हा शब्द घरी आजीसमोर मोठ्याने वाचू नका.) आणि माझी आवडती जोडी, ‘पाली’ म्हणजे काम आणि ‘आला’ म्हणजे नाही: ‘यान पाली आला’ म्हणजे कामगारच नाही, एकही नाही, आणि ‘यान पी पाली आला’ म्हणजे ज्याला काम नाही असा, रिकामटेकडा. मराठी कानाला दोन्ही ‘आला’ उलटे वाटतात ते वेगळंच, ‘आला’ म्हटल्यावर तो आलेला नसतो हे पचायला वेळ लागतो.

अजून एक जागा जिथे आपण अडकतो. ‘हे घर माझं आहे’. डोक्यात ‘माझं’ एकटं उभं आहे म्हणून लोक ‘तोमो नी ली पी मी’ करतात (‘नी’ म्हणजे हे, आणि ‘ली’ कर्ता कुठे संपला ते दाखवतो). आता बहुतेक बोलणारे हे टाळतात, सरळ नाम परत म्हणायचं, ‘तोमो नी ली तोमो मी’, हे घर माझं घर आहे. जरा बालवाडीसारखं वाटतं पण तोकी पोनात लाजायचं नसतं.

आता चिन्हाकडे.

सितेलेन पोनातली बरीचशी चिन्हं चित्रं आहेत. ‘तेलो’ म्हणजे पाण्याच्या दोन लाटा, ‘तोमो’ म्हणजे छप्पर असलेलं घर, ‘पिलिन’ (भावना) म्हणजे बदाम, ‘नासा’ म्हणजे गरगर फिरत गेलेली रेघ, ‘पोना’ म्हणजे हसरा ओठ, ‘इके’ म्हणजे तोच ओठ उलटा. पण व्याकरणाच्या शब्दांचं चित्र काढणार कसलं, म्हणून ते शब्द खुणा झाले, विरामचिन्हांसारखे. ‘ली’ म्हणजे गणितातलं मोठेपणाचं चिन्ह, ‘ए’ म्हणजे तीच खूण दोनदा, ‘एन’ म्हणजे अधिक. आणि ‘पी’ म्हणजे एक उभी रेघ, तिच्या तळापासून उजवीकडे जाणारी आडवी रेघ, बस. रोमन एल म्हणतात पण मला तो कोपरा वाटतो, पुढे येणारं त्या कोपऱ्यात ठेवायचं.

मूळ तक्त्यात ते सुटं चिन्ह आहे, बाकीच्यांच्याच मापाचं, आणि तसं लिहिलं तर शंभर टक्के बरोबर. खालची रेघ ओढत नेऊन तिच्यावर पुढचे शब्द बसवायचे, ज्याला सगळे लांब ‘पी’ म्हणतात, ती वापरणाऱ्यांनी घातलेली भर आहे, आणि माझ्या मते या लिपीतली ती सगळ्यात हुशार भर आहे कारण शब्दाचं काम आणि त्याचा आकार एक झालाय. ‘तोमो’ काढलं, मग कोपरा, मग त्या रेघेवर लाटा आणि गरगर रेघ. वाचणाऱ्याला व्याकरण आठवायला लागत नाही, रेघेवर जे आहे ते एक गाठोडं, दिसतंच. नवख्यांना मी आधी लांब ‘पी’च काढायला लावतो, कारण ज्याला ‘तोमो पी मी’ लिहायचंय त्याला रेघ ओढताना स्वतःच कळतं की अरे हिच्यावर तर एकच शब्द बसलाय.

पण लांब ‘पी’चं एक दुखणं आहे आणि जे खूप लिहितात त्यांच्यातच ते दिसतं. बोलताना ‘पी’ कुठे सुरू झाला ते ऐकू येतं, कुठे संपला ते ऐकू येत नाही. पुढचा ‘ली’, ‘ए’ (हा कर्माच्या आधी येतो) किंवा दुसरा ‘पी’ येईपर्यंत सगळं त्याच्या पोटात. कागदावर मात्र रेघ तुमच्या हातात असते, कुठेही थांबवता येते. मग एखादा ‘यान पी तोकी पोना मुते’ लिहितो, रेघ ‘पोना’पाशीच तोडतो आणि म्हणतो ‘मुते’ बाहेर आहे ना, म्हणजे पुष्कळ तोकी पोनावाले. कागदावर दिसतं खरं. पण हेच वाचून दाखवा, ऐकणाऱ्याला ‘मुते’ आतच ऐकू येणार, म्हणजे ‘पुष्कळ तोकी पोना बोलणारा माणूस’. लिहिलेलं एक आणि ऐकलेलं दुसरं असं झालं की ती लिपी राहात नाही, कोडं होतं. उपाय सोपा आहे, मुख्य शब्दाची जी काय विशेषणं आहेत ती ‘पी’च्या आधीच उरकून घ्या: ‘यान मुते पी तोकी पोना’. रेघ नेहमी गटाच्या खऱ्या शेवटापर्यंत ओढा, मधे तोडायचा मोह झाला तर समजा वाक्याची मांडणी चुकलीये.

हाच धोका जोडचिन्हांचा. सितेलेन पोनात दोन चिन्हं एकात एक किंवा एकावर एक बसवता येतात, भाषेचं स्वतःचं बोधचिन्हच ‘तोकी’च्या तोंडात ‘पोना’चं हसू असं आहे. घराच्या चित्रात तर पोकळी आयतीच असते, त्यात लाटा ठेवल्या की ‘तोमो तेलो’ एकाच चिन्हात. सुंदर दिसतं. पण काही जण घर काढतात, त्यात लाटा आणि गरगर रेघ यांची जोडी कोंबतात आणि ‘पी’ खाऊन टाकतात, म्हणे जोडी दिसतेय की. दिसतेय, पण मोठ्याने वाचल्यावर ‘तोमो तेलो नासा’ होतं आणि आपण परत त्या विचित्र न्हाणीघरात. जे तोंडाने म्हणणार ते कागदावर हवं.

एकात एक दोन ‘पी’? ‘यान पाली पी तोमो पी तेलो नासा’, गुत्त्यात काम करणारा. इथे दुसरा ‘पी’ पहिल्याच्या आत आहे, का दोन्ही वेगवेगळे ‘यान पाली’ला लागलेत, हे बोलण्यातून ठरत नाही आणि लोकांची मतं वेगळी आहेत. कागदावर कोपऱ्यात कोपरा काढता येतो, खाली दोन रेघा जातात, छान दिसतं आणि वाचायला ताप होतो. मी दोन ‘पी’ दिसले की वाक्य तोडायला सांगतो: ‘यान ली पाली लोन तोमो. तोमो ली यो ए तेलो नासा’, माणूस घरात काम करतो, घरात वेडं पाणी आहे. तोकी पोनात छोटी दोन वाक्यं ही हार नसते.

हाताने लिहिताना तीन-चार गोष्टी सांभाळा. एक म्हणजे रेघेचं उजवं टोक वर वळवू नका. आपल्याला रेघ संपवताना पेन किंचित उचलून वर मारायची सवय असते, पण दोन्ही बाजू वर आल्या की वरून उघडी पेटी तयार होते, आणि ती ‘पोकी’, म्हणजे डबा-भांडं. ‘तोमो पी तेलो नासा’चं ‘तोमो पोकी’ आणि आत काहीतरी असं दिसायला लागतं. रेघ जिथे संपेल तिथे सपाट संपवा. दुसरं, रेघेवर बसवायचं म्हणून आतली चिन्हं लहान करू नका, निदान सगळी तरी करू नका, कारण ‘सुली’ म्हणजे मोठा व्ही आणि ‘लिली’ म्हणजे छोटा व्ही, दोघांत फरक फक्त मापाचा. ‘एसुन पी लिपू सुली’ लिहिताना ‘सुली’ दाबून बसवला की मोठ्या पुस्तकांचं दुकान छोट्या पुस्तकांचं होतं. मी रेघच ओळीच्या जरा खाली नेतो आणि चिन्हांची उंची तीच ठेवतो. तिसरं, ‘लोन’च्या चिन्हात आडवी रेघ आणि तिच्यावर ठिपका असतो, तो गटाच्या आत आला तर त्याची रेघ आणि ‘पी’ची रेघ एकमेकींना टेकू देऊ नका, मधे हवा ठेवा. आणि ओळ संपत आली असेल आणि गट पुढच्या ओळीत जाणार असेल तर लांब रेघेचा हट्ट सोडा, छोटा ‘पी’ काढा. तुटकी रेघ दोन ओळींत चालवण्यापेक्षा ते कधीही बरं.

टाइप करायचं असेल तर ‘लिन्या पोना’, ‘नासिन नान्पा’, ‘सितेलेन सेली किवेन’ असे फॉन्ट आहेत, रोमनमधे शब्द टाइप केला की फॉन्टच चिन्ह दाखवतो. लांब ‘पी’साठी फॉन्टप्रमाणे कंस किंवा अंडरस्कोअर अशा युक्त्या असतात, प्रत्येकाची माहिती फॉन्टसोबतच येते ती वाचा. ही चिन्हं अधिकृत युनिकोडमधे (संगणकावरच्या अक्षरांची जागतिक यादी) नाहीत, खासगी वापरासाठी सोडलेल्या भागात एफ१९०० पासून एफ१९एफएफपर्यंतचे क्रमांक आपापसात ठरवून घेतलेत, त्यात लांब ‘पी’ सुरू करायलाही वेगळं नियंत्रणचिन्ह ठेवलंय. याचा अर्थ तुम्ही पाठवलेला मेसेज समोरच्याच्या फोनवर फॉन्ट नसेल तर नुसत्या चौकोनांचा दिसणार. छापायला देताना चित्र करूनच द्या.

आता टी-शर्ट. ‘मी मुते यान पी पुने’. पहिली चूक, ‘ली’ गेलाय. नुसता ‘मी’ कर्ता असेल तर ‘ली’ लागत नाही पण ‘मी मुते’ म्हटलं की लागतो. दुसरी चूक तीच, ‘पी’च्या पुढे ‘पुने’ एकटं. तिसरी, नावं तोकी पोनात विशेषणं असतात, ती एकटी फिरत नाहीत, पुढे काय आहे ते सांगावं लागतं: शहर म्हणजे ‘मा तोमो’, घरांची जमीन. म्हणून पुणं ‘मा तोमो पुने’. नशीब चांगलं की ‘पुने’ जसंच्या तसं बसतं, गोवाही ‘मा कोवा’ असं अलगद बसतं, पण मराठीत ‘र’ आणि ‘ठ’ आहेत जे इथे नाहीत, आणि ‘ती’ हा आवाजही चालत नाही, त्यामुळे नियमाने गेलं तर आपली भाषा ‘तोकी मालासी’ होते. सवय होते.

म्हणजे वाक्य झालं ‘मी मुते ली यान पी मा तोमो पुने’. चाचणी लावा, ‘घरांच्या जमिनीचा माणूस’, ‘घरांच्या’ आलं, ‘पी’ आला.

‘पुने’ला चिन्ह नाही, नावं लांबट गोल चौकटीत लिहितात, इजिप्तच्या राजांची नावं असायची तशी, आणि आत प्रत्येक चिन्हाचं फक्त पहिलं अक्षर वाचायचं. कुठले शब्द घ्यायचे ते तुमच्या हातात, आणि खरी मजा तिथेच. प-उ-न-ए साठी मी ‘पान, उता, नासिन, एसुन’ घेईन: धान्य-भाकरी, तोंड, रस्ता, बाजार. पहिल्या ‘प’साठी ‘पोना’ही घेता येईल पण मग लोक म्हणतील पुणेकरांनी स्वतःलाच चांगलं म्हटलं. ‘उता’च्या जागी ‘उताला’, म्हणजे भांडण, तेही बसतं. ग्रुपमधे विचारून ठरवा.

छातीवर दोन ओळी करा. वरच्या ओळीत ‘मी’, ‘मुते’च्या तीन उभ्या रेघा, ‘ली’ आणि ‘यान’. खालच्या ओळीत ‘पी’चा कोपरा, आणि त्याची रेघ ‘मा’च्या गोलातल्या अधिक चिन्हाखालून, घराखालून, पूर्ण चौकटीच्या उजव्या कडेपर्यंत. ओळ ‘पी’च्या आधी तोडल्यामुळे अख्खा गट एकाच रेघेवर राहतो. चौकटीच्या खालच्या कडेपासून रेघ निदान दोन-तीन मिलिमीटर लांब ठेवा, स्क्रीन प्रिंटिंगमधे शाई पसरते आणि दोन्ही रेघा एक झाल्या तर चौकटीला जाड बूड आल्यासारखं दिसतं आणि ‘पी’ दिसेनासा होतो.

आणि टी-शर्टवाल्याला रेघेचं टोक वर वळवू नको म्हणून सांगा. डिझाइन करणाऱ्यांना टोकं गोल करायची फार हौस असते.